पदर उलटा करून दाखवा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: येवल्याच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात 5 हातमाग आहेत. सासरे, नवरा आणि तीन विणकर मिळून पैठणी विणतात आणि महिन्याला सरासरी तीन-साडेतीन साड्या मागावरून उतरतात. आजवर माल दुकानदारांकडे जायचा, वर्षभरापासून ताई मोबाइलवरून थेट विक्री करू लागल्या आहेत. आता एका जाहिरात संस्थेने त्यांना योजना दिली आहे: एआयने तयार केलेले महिन्याला 30 रील, 25,000 रुपयांत. राजवाड्यातून पैठणी नेसून चालणारी मॉडेल असेल. कॅमेऱ्यापुढे बुजणाऱ्या ताईंचा डिजिटल अवतार इंग्रजी आणि तामिळ बोलेल. सासऱ्यांचा चेहरा आणि आवाज तयार करून त्यांच्या तोंडून घराण्याची गोष्ट सांगितली जाईल. हवं तर एखाद्या नामवंत गायिकेसारखा आवाजही देऊ, असं संस्थेचं म्हणणं. नवऱ्याला योजना पटली आहे. सासरे म्हणाले, "मी जे बोललोच नाही ते माझ्या तोंडी घालू नका." गावातल्याच एका दुकानाच्या अशा व्हिडिओंना लाखो व्ह्यूज मिळतात. ताई विचारतात, "आम्ही काळाच्या मागे राहतोय का? आणि सासऱ्यांची समजूत कशी काढू?"

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातून आईची पैठणी काढून पलंगावर पसरली. जांभळी, नारळी काठाची, पदरावर बांगडी मोर. आई साडी घ्यायला गेली की दुकानदार पदर पसरून दाखवायचा आणि ती काही न बोलता तो उलटा करायची. मोराच्या मानेचा निळा जिथे संपतो आणि पिसाऱ्याचा हिरवा जिथे सुरू होतो, तिथे बोट फिरवायची. हाताने विणलेल्या पदरात ते दोन धागे एकमेकांत अडकवलेले असतात. मागे लोंबणारा धागा नाही, कापलेली टोकं नाहीत, मोर मागूनही तसाच मोर. आई म्हणायची, "पुढून सगळ्याच छान दिसतात गं."

गेल्या वर्षी माझ्या भाचीने लग्नासाठी व्हिडिओ बघून पैठणी मागवली. व्हिडिओत दिवे, वाडा, सनई, सगळं होतं. साडी आली तेव्हा पदराच्या मागे सुट्या धाग्यांचं जंगल होतं आणि ते लपवायला जाळी शिवलेली होती. पावणेदोन मिनिटांच्या त्या व्हिडिओत पदर एकदाही उलटा झाला नव्हता, हे तिला नंतर लक्षात आलं. ती तीन दिवस कुणाशी नीट बोलली नाही. पैशांपेक्षा आपण फसलो याचंच तिला जास्त लागलं होतं. तुमचं पत्र मी या दोन पदरांच्या मधे बसून वाचते आहे, म्हणून आधीच सांगते की माझं मत एका बाजूला झुकलेलं असेल.

आधी व्ह्यूजचं बघू, कारण तुमच्या काळजीचं मूळ तिथे आहे. तुमच्याच आकड्यांवरून वर्षाला 40 साड्या होतात. म्हणजे तुम्हाला वर्षाला 40 गिऱ्हाइकं हवीत. त्यातली काही पुन्हा येतील, काही बहिणीला सांगतील, तेव्हा खरं तर 25-30 नवीन माणसं पुरतील. समजा उद्या 4 लाख लोकांनी तुमचा व्हिडिओ बघितला आणि त्यातल्या 200 जणींनी "किंमत सांगा" म्हणून निरोप पाठवले, तर त्यांना उत्तरं द्यायला कोण बसणार? आणि त्यातल्या 50 जणींनी खरंच ऑर्डर दिली, तर साड्या विणणार कोण? मागावर घाई चालत नाही हे तुम्ही मला सांगाल. साधी पैठणी महिनाभर घेते, भरल्या पदराची कित्येक महिने.

ज्या दुकानाचं तुम्ही लिहिलंय, त्यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्याकडे यंत्रमागाचा माल असेल, पाच-सहा हजारांच्या शेकडो साड्या असतील, तर त्यांना लाखो डोळे लागतातच आणि त्यात काही गैरही नाही, फक्त त्यांनी ती हातमागाची म्हणून विकू नये. त्यांचा धंदा बघून तुम्ही तुमचा आवाका ठरवू नका.

आता पैसे. महिन्याला 25,000 म्हणजे वर्षाला 3 लाख. 40 साड्यांवर वाटले तर एका साडीमागे साडेसात हजार रुपये. हे पैसे कुठून येणार? साडीची किंमत वाढवून, की तुमच्या नफ्यातून, की विणकराच्या मजुरीतून? कागद-पेन घेऊन आज रात्री नवऱ्याबरोबर एवढा एक हिशेब मांडा. मला वाटतं, त्यांचा "घेऊन टाकू" त्या कागदासमोर जरा थांबेल.

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी ती या सगळ्यात मोठी. फेब्रुवारी 2024 मध्ये सोरा, म्हणजे लिहिलेल्या ओळींवरून व्हिडिओ बनवणारं ओपनएआयचं एआय, पहिल्यांदा जगाला दाखवलं गेलं, मे 2025 मध्ये गूगलचं व्हिओ 3 आलं आणि आवाजासकट आठ सेकंदांचे तुकडे कुणीही टंकून बनवू लागलं. जो राजवाडा दाखवायला पूर्वी कॅमेरामन, मॉडेल, दिवे, जागेचं भाडं लागायचं, तो आता चार ओळी लिहिल्या की तयार होतो. तुम्हाला मिळतो, तसा यंत्रमागवाल्यालाही मिळतो, अगदी तोच राजवाडा, त्याच पायऱ्या, तशीच वाऱ्यावर पदर उडवणारी बाई. मग बघणारीने दोघांत फरक कसा करायचा? सुंदर दिसणं जितकं स्वस्त झालं, तितकं खरं असल्याचा पुरावा देणं मोलाचं झालं. आणि पुरावा तर तुमच्या घरात रोज तयार होतो. ज्याच्याकडे माग नाही तो गिऱ्हाइक म्हणेल तेव्हा स्वतःचा माग चालताना दाखवू शकत नाही. ज्याचा पदर मागून सुटा आहे तो पदर उलटा करणार नाही. अशा वेळी त्या राजवाड्यात तुमची साडी पाठवणं म्हणजे आपलं एकमेव वेगळेपण हाताने पुसून टाकणं.

शिवाय यंत्राला पैठणी कळत नाही. ते पैठणीसारखं काहीतरी काढतं. त्या चित्रातली साडी तुमच्या कपाटात नसते, कुठल्याच कपाटात नसते. बुट्ट्यांची ओळ मधेच वाकडी होते, काठ निऱ्यांत शिरताना नक्षी बदलते, मुनिया पक्ष्यांची चोच एका क्षणी असते आणि पुढच्या क्षणी नसते. गिऱ्हाइकाने "मला हीच हवी" म्हटलं तर तुम्ही काय पाठवणार?

सासऱ्यांकडे येते. तुम्ही विचारलंय की त्यांची समजूत कशी काढू. ताई, मला वाटतं इथे समजूत काढायची गरज त्यांची नाहीये. तुम्ही त्यांचं म्हणणं "जुन्या विचारांचे आहेत" या खणात टाकलंत, पण त्यांचं वाक्य पुन्हा वाचा. व्हिडिओ नको, मोबाइल नको, विक्री नको, यातलं ते काहीच म्हणाले नाहीत. जे मी बोललो नाही ते माझ्या तोंडी घालू नका, एवढंच म्हणाले. माणसाचा चेहरा आणि आवाज हा त्याचाच असतो, हे आता न्यायालयंही सांगताहेत. अरिजित सिंह यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रोखलं, 2025 मध्ये आशा भोसले यांनाही तिथेच दिलासा मिळाला. तेव्हा "नामवंत गायिकेसारखा आवाज" ही गोष्ट तर आजच्या आज वहीतून खोडून टाका. उद्या नोटीस आली तर संस्था फोन उचलणार नाही, साडीवर नाव तुमचं आहे.

सासऱ्यांनी "हो" म्हटलं असतं तरी मी तुम्हाला जपूनच राहायला सांगितलं असतं. एकदा चेहरा आणि आवाज दुसऱ्याच्या संगणकात गेला की त्याचं काय होतं, ते आपल्या हातात राहत नाही. तुमचं आणि संस्थेचं बिनसलं तर तो अवतार कुणाचा? सासऱ्यांच्या माघारी तो कोणाची साडी विकेल? हा प्रश्न कडू आहे, पण आज विचारलेला बरा.

त्यांच्यापुढे वेगळा प्रस्ताव ठेवून बघा. चेहरा नाही, फक्त हात. खिडकीतून उजेड येतोय, धोटा इकडून तिकडे जातोय, बोटं रंगाचे धागे एकात एक अडकवताहेत, खाली पाय पावड्यांवर. एक शब्द बोलायचा नाही. मागाचा आवाज आहे तेवढा पुरे, त्यावर गाणं घालू नका. चाळीस वर्षं विणलेल्या माणसाच्या हाताला जे येतं, ते कुठलाही अवतार करून दाखवू शकत नाही. आणि मला वाटतं, चार-सहा वेळा हात दाखवून झाले की एखाद दिवशी ते स्वतःच म्हणतील, "हे असं का करतो ते सांगू का?" तेव्हा कॅमेरा चालू असू द्या. तो दिवस नाही आला तरी काही बिघडत नाही.

तुम्ही बुजता, तेही चालेल. तुमचा आवाज पडद्यामागून येऊ द्या, येवल्याच्या बोलीतच. तुम्ही मला जसं पत्र लिहिलंत, "काल मोराचा डोळा चुकला, दोन ओळी उसवल्या," तसंच बोला. हे एक वाक्य ऐकून मला तुमच्याकडून साडी घ्यावीशी वाटली. संस्थेच्या नमुन्याची जी ओळ तुम्ही पाठवलीत ("परंपरेचा राजेशाही स्पर्श"), ती वाचून असं काही वाटलं नाही.

म्हणजे नवं तंत्रज्ञान वापरूच नका असं म्हणतेय का? अजिबात नाही. काही ठिकाणी ते तुमचे कष्ट खरोखर वाचवेल.

पहिली जागा भाषेची. तुमच्या खऱ्या मराठी व्हिडिओवर हिंदी, इंग्रजी, तामिळ ओळी खाली उमटवायला आता एआय चांगलं काम करतं. मात्र त्या भाषेचा माणूस एकदा वाचून घेऊ द्या. 'काठ' म्हणजे नदीचा काठ आणि 'माग' म्हणजे मागची बाजू, असं यंत्र समजू शकतं. कांजीवरमची सवय असलेल्या चेन्नईच्या बाईला चुकीचा शब्द लगेच कळेल. भाचा-पुतण्या कुणी बाहेर नोकरीला असेल, त्याच्या सहकाऱ्याला विचारा. दोन मिनिटांचं काम असतं.

दुसरी जागा मला फार आवडते. पैठणीची ऑर्डर देणारी बाई महिनोन् महिने थांबणार असते आणि रंग काय दिसेल याची तिला धाकधूक असते. डाळिंबी अंगाला मोरपंखी काठ कसा दिसेल, पदरावर मोर घेऊ की आसावली, म्हणजे फुलांची वेल, हे एआयने चित्र काढून आधी दाखवता येतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: "हे कल्पनाचित्र आहे, प्रत्यक्ष रंगात फरक पडेल." मग त्यासोबत रंगवलेल्या रेशमाच्या लडींचा खरा फोटो पाठवा. इथे यंत्र गिऱ्हाइकाला निवडायला मदत करतंय, फसवत नाहीये. तसंच कडियाल म्हणजे काय, काठाचा आणि अंगाचा धागा कसा गुंततो, हे हलत्या रेखाचित्राने समजावता येईल. तेही चित्र आहे हे दिसतंच, त्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही.

तिसरी जागा इतकी साधी आहे की तिला तंत्रज्ञान म्हणायला लोक विसरतात: व्हिडिओ कॉल. न्यूजर्सीच्या मुलीला मुंजीसाठी पैठणी हवी असते. आपल्याकडे सकाळचे 8 वाजतात तेव्हा तिच्याकडे हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. मुलं झोपलेली, ती निवांत. त्या वेळी कॉल लावा, साडी खिडकीशी न्या, ती म्हणेल तिथे कॅमेरा न्या. "जरा पदर उलटा करता का?" असं तिने विचारायच्या आधी तुम्हीच करा. आठवड्याला असे चार कॉल झाले तर वर्षाचे दोनशे होतात, आणि तुम्हाला हवीत ती फक्त तीसेक माणसं.

रंगाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण परत येणाऱ्या साड्यांची बरीच भांडणं तिथली असतात. धूपछांव पैठणीला ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा. एकाच जागी उभं राहून काढलेल्या फोटोत ती अर्धीच दिसते. तिला हलवावं लागतं, घडी उघडून उजेडात कलती करावी लागते, तेव्हा जांभळ्यातून लाल उमटतो. व्हिडिओ खरा कामाचा असेल तर इथे. पण फोनमधले फिल्टर, आपोआप रंग सुधारण्याची सोय, सगळं बंद करा. सकाळी खिडकीशी शूट करा, रात्री पिवळ्या दिव्याखाली नको. आणि चौकटीत साडीशेजारी एक पांढरा कागद ठेवा. कागद बघणाऱ्याच्या फोनवर पिवळट किंवा निळसर दिसला, तर साडीच्या रंगातही तेवढा फरक आहे हे तिला कळतं. शंभर शब्दांच्या खुलाशापेक्षा तो कागद जास्त सांगतो.

आता माझी सूचना, संस्थेच्या 30 रीलऐवजी. प्रत्येक साडीचा एकच व्हिडिओ करा, पण तिच्या जन्मापासूनचा. ताणा जोडताना दहा सेकंद. पहिली बुट्टी. अर्धा झालेला पदर. मागावरून कापून उतरवतानाचा क्षण. शेवटी उजेडात पुढची बाजू आणि मग उलटी. दीड-दोन मिनिटांत मावतं. विणकराची परवानगी असेल तर त्याचं नाव आणि किती दिवस लागले ते लिहा. परवानगी खरी घ्या, मालक म्हणून गृहीत धरू नका. नको म्हणाला तर मजुरीवर किंवा वागण्यावर त्याचा परिणाम होता कामा नये. त्या व्हिडिओचा क्यूआर कोड साडीच्या चिठ्ठीवर छापा, सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) आणि हॅण्डलूम मार्क (हातमागाची खूण) असतील तर त्यांच्या शेजारी. वीस वर्षांनी ती साडी लेकीकडे जाईल तेव्हाही तो उघडला पाहिजे, म्हणून व्हिडिओची मूळ प्रत तुमच्याजवळ वेगळी जपून ठेवा. खर्च म्हणाल तर फोनचा स्टँड आणि छपाई.

थोडं कायद्याचंही सांगते, कारण संस्थेने ते तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. खऱ्यासारखा दिसणारा एआय व्हिडिओ टाकताना तसं जाहीर करण्याची अट यूट्यूबने मार्च 2024 मध्येच आणली. आपल्याकडे फेब्रुवारी 2026 पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही अशा व्हिडिओवर स्पष्ट खूण हवी असं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. जी साडी अस्तित्वात नाही ती दाखवून दुसरी विकणं दिशाभूल या शब्दाच्या फार जवळ जातं.

तरीही संस्थेकडून काही काम करून घ्यायचं ठरलंच, तर तीन महिन्यांचाच करार करा आणि फक्त तुमच्या खऱ्या चित्रीकरणाच्या संकलनासाठी. खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे राहू द्या. कच्चं चित्रीकरण कुणाचं, हे लेखी घ्या. आणि त्यांच्याकडून व्ह्यूजचा अहवाल मागू नका, "या महिन्यात किती जणींनी व्हिडिओ कॉल मागितला" एवढाच आकडा मागा.

मला येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न वेगवेगळ्या वेषात येतो, म्हणून तुमच्यासारख्याच इतरांसाठीही लिहिते. कोकणात होमस्टे चालवणाऱ्या एकाने विचारलं होतं की खिडकीतून समुद्र दिसतो असा एआय व्हिडिओ करू का. समुद्र घरापासून वीस मिनिटं चालत आहे. मी त्यांना ती वीस मिनिटांची वाट चित्रित करायला सांगितलं. माडांतून जाणारी, मधे एक विहीर, मग अचानक वाळू. ज्याला ती वाट आवडेल तोच येऊ दे. चकल्या करून विकणाऱ्या काकूंनाही हेच. एआयच्या चकलीचा काटा फार सरळ असतो, मोडल्याचा आवाजही खरा नसतो. खरी चकली कॅमेऱ्यासमोर मोडा आणि आतली नळी दाखवा. आंबेवाल्याने पेटी उघडताना गवत बाजूला सारून खालचा थर दाखवावा, वरचा तर सगळेच दाखवतात.

तुमच्या नवऱ्याला मात्र एक गोष्ट माझ्याकडून सांगा: त्यांना घाई का झाली, ते मला कळतं. दुकानदारावर अवलंबून राहून किती वर्षं काढली, ते तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आहेच. थेट विकायचं त्यांचं मन बरोबर आहे. फोन हातात घेऊन मागाशी वाकून उभं राहायचं काम त्यांनाच द्या. आपल्या वडिलांचे हात इतक्या जवळून त्यांनी शेवटचे कधी बघितले होते, कोण जाणे.

सध्या मागावर जी साडी आहे तिच्यापासून सुरुवात करा. पदर कितीही झाला असला तरी चालेल, जिथे आहे तिथून. आणि उतरली की मला व्हिडिओ पाठवा. भाचीला दाखवायचा आहे, उलट्या बाजूसकट.